उन्हाळी सुट्टीत मुलांसाठी पत्रकारितेचा वर्ग : इंदुरात काय बघून निवडावा?

सुदामानगरची_आई | ५ एप्रिल
नमस्कार मंडळी. लेक यंदा सातवीत गेली, भाचा दहावीत. मे महिन्यात दोघांनाही पत्रकारितेच्या वर्गाला जायचंय. लेकीला लिहायची आवड, भाच्याला प्रश्न विचारायची. समर कॅम्पचे बोर्ड आतापासूनच लागलेत आणि पोहणं, स्केटिंग, अबॅकस यांच्या जोडीला आता 'ज्युनिअर जर्नलिस्ट' पण दिसायला लागलंय.

विचारायचं कारण असं, की गेल्या वर्षी आम्ही एकदा फसलो. भाचा अशाच एका पंधरा दिवसांच्या वर्गाला गेला होता. नाव लिहीत नाही. फी साडेआठ हजार. पहिल्या दिवशी गळ्यात ओळखपत्र आणि हातात लोगो लावलेला माईक. नंतर रोज एकेकाने कॅमेऱ्यासमोर उभं राहून, दिलेला कागद वाचायचा. शेवटच्या रविवारी आईवडिलांसमोर कार्यक्रम झाला, सर्टिफिकेट मिळालं, फोटो निघाले. घरी आल्यावर मी सहज विचारलं, "तू वाचलीस ती बातमी कुठली होती रे?" तर म्हणाला, "माहीत नाही मावशी, कागदावर होती." पंधरा दिवसांत तो त्या इमारतीबाहेर एकदाही पडला नव्हता, एकाही अनोळखी माणसाशी बोलला नव्हता. पैसे गेले त्याचं एवढं नाही, पण पोराचा हुरूप गेला याचं मला फार लागलं. सहा महिन्यांनी तो आता परत म्हणतोय की जायचंय, म्हणून यंदा नीट चौकशी करून घालायचं ठरवलंय.

कुणाची मुलं गेली असतील, कुणी या क्षेत्रात असाल, तर सांगा. वर्ग बघायला गेल्यावर नेमकं काय विचारायचं?

छत्रीबागकर | ५ एप्रिल
सातवीतल्या मुलीला पत्रकारिता कशाला, असं मला मनापासून वाटतं. टीव्हीवरच्या चर्चा आपण बघतोच. त्या आरडाओरड्याची ओढ एवढ्या लवकर कशाला लावायची? सुट्टीत आजोळी पाठवा, आंबे खाऊ द्या, वाचू द्या.

सुदामानगरची_आई | ५ एप्रिल
दादा, आजोळ इथेच रामबागेत आहे, रोजच जाते. तुमची भीती समजते. पण तिला टीव्हीवर यायचं नाहीये. तिची एक वही आहे, त्यात ती कॉलनीत काय काय झालं ते लिहिते. गेल्या आठवड्यात लिहिलंय, 'कचरागाडीचे जुने काका बदलले. नवीन काका गाणं हळू लावतात.' हे घरात दुसऱ्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.

निवृत्त_डेस्कवाला | ६ एप्रिल
त्या कचरागाडीच्या नोंदीसाठी हा प्रतिसाद लिहितो आहे. एकतीस वर्षं इथल्याच एका हिंदी दैनिकाच्या डेस्कवर, म्हणजे आलेल्या बातम्या तपासून पान लावायच्या कामात काढली, त्यामुळे थोडं लांबेल.

वर्ग बघायला जाल तेव्हा छापलेले अंक आणि फोटो ते दाखवतीलच. तुम्ही मुलांचे खर्डे मागा. लाल शाईच्या खुणा केलेले, 'हे कुणी सांगितलं?' असं समासात लिहून परत केलेले, दोनतीनदा नव्याने लिहिलेले कागद ज्यांच्यापाशी असतील, तिथे डोळे मिटून मुलाला घाला. ते नसतील तर शिकवणं झालेलं नाही, कार्यक्रम झालेला आहे.

दुसरं विचारा, की मुलं बाहेर किती वेळा जातात आणि बरोबर कोण असतं. बातमी खोलीत मिळत नाही. तिसरं म्हणजे शिकवणाऱ्याने स्वतः कधी बातमीदारी किंवा संपादन केलंय का. वक्तृत्व शिकवणारा चांगला माणूस असू शकतो, पण त्याचा हा धंदा नाही.

माझ्याकडे कॉलेजची मुलं इंटर्नशिपला यायची, तेव्हा पहिले चार दिवस मी त्यांना लिहूच देत नसे. वहीची एक सवय लावायचो. डाव्या पानावर समोरचा माणूस जे बोलला ते, त्याच्याच शब्दांत. उजव्या पानावर आपण डोळ्यांनी जे पाहिलं ते. आपल्याला काय वाटलं ते वहीत नाही, घरी जाऊन लिहा. ही दोन पानं वेगळी राहिली की निम्मं काम झालं. 'दुकानदार वैतागलेला होता' असं मुलं लिहितात. मी विचारायचो, तो म्हणाला का तसं? नाही. मग तू काय पाहिलंस? तर, 'तो बोलताना शटर अर्धं ओढून उभा होता.' मग तेच लिही ना!

उलटा मनोरा म्हणून एक प्रकार सगळीकडे शिकवतात. सगळ्यात महत्त्वाचं पहिल्या परिच्छेदात, मग उतरत्या क्रमाने तपशील. पण तो असा का, हे सांगत नाहीत. रात्री पान लागताना ऐनवेळी जाहिरात येते, जागा कमी पडते आणि उपसंपादक बातमी खालून कापतो. शेवटचे दोन परिच्छेद गेले तरी बातमी उभी राहिली पाहिजे. मुलांच्या हातात कात्री द्या, त्यांचीच बातमी खालून कापायला लावा. दहा मिनिटांत कळतं.

आणि इंदुरात राहून मुलांना हे शिकवायचं तर परकं काही आणायची गरज नाही. 'नईदुनिया' हे हिंदी दैनिक इथे ५ जून १९४७ ला सुरू झालं. त्याचे संपादक राहुल बारपुते मराठी घरातले, आणि त्यांनी हे हिंदी पत्र असं चालवलं की त्याच्या भाषेचा दाखला दिला जाई. राजेंद्र माथूर इथेच कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, प्रभाष जोशी देवासजवळच्या खेड्यातल्या शाळेत मास्तर होते; दोघेही 'नईदुनिया'त आले. पुढे माथूर दिल्लीला 'नवभारत टाइम्स'चे संपादक झाले आणि जोशींनी १९८३ मध्ये 'जनसत्ता' सुरू केलं. ही माणसं शिकवता शिकवता लिहायला लागली, आणि संपादनाच्या खोलीत घडली. मुलांना तशी खोली मिळाली पाहिजे.

छत्रीबागकर | ६ एप्रिल
माझा आक्षेप मागे घेतो. हे असं असेल तर माझ्या नातवालाही पाठवीन.

न्यूजर्सीची_आत्या | ७ एप्रिल
माहेर लोकमान्य नगरचं, म्हणून इथे डोकावते. इकडे अमेरिकेत उन्हाळी पत्रकारिता वर्गांची परंपरा फार जुनी आहे. शिकागोजवळच्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातला हायस्कूलच्या मुलांचा वर्ग १९३४ पासून चालू आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातली शालेय नियतकालिकांची संस्था त्याहूनही जुनी, १९२५ची, आणि तीही उन्हाळ्यात वर्ग घेत आलीय. प्रिन्स्टनचा २००२ पासूनचा वर्ग कमी उत्पन्नाच्या घरांतल्या अकरावीच्या मुलांसाठी आहे आणि पूर्ण मोफत. आशियाई अमेरिकन पत्रकारांच्या संघटनेचं शिबिरही मोफत असतं. बाकी बरेच वर्ग राहण्याजेवणासकट हजारो डॉलरचे.

माझ्या मुलीसाठी मीही खूप हिंडले होते. शेवटी लक्षात आलं, की मोठं नाव आणि मोठी फी असलेल्या काही ठिकाणी कोणालाही घेतात. चांगल्या ठिकाणी आधी मुलाकडून काहीतरी लिहून मागतात. फी बघण्याआधी प्रवेश कसा देतात ते बघावं.

एक गोष्ट मुलांना जरूर सांगा. कॅन्सस राज्यात पिट्सबर्ग नावाच्या गावी एक हायस्कूल आहे. २०१७ मध्ये शाळेत नव्या मुख्याध्यापिका नेमल्या गेल्या. शाळेच्या वर्तमानपत्राच्या मुलांना त्यांची ओळख करून देणारा साधा लेख लिहायचा होता. त्यासाठी मुलं त्यांच्या पदव्या तपासायला बसली, तर ज्या विद्यापीठाची पदवी सांगितली होती त्याला मान्यता असल्याचंच सापडेना. मुलांनी आरडाओरडा केला नाही. कागद गोळा केले, संबंधित बाईंशी बोलले, त्यांना विचारलं, मग छापलं. काही दिवसांत त्या बाईंनी रुजू होण्याआधीच राजीनामा दिला. शाळेच्या समितीने नेमलेल्या व्यक्तीच्या पदव्या शाळेतल्या मुलांनी तपासल्या! आणि विशेष म्हणजे त्यांच्या शिक्षिकेने त्यांना अडवलं नाही.

पण असं सगळीकडे होत नाही हेही खरं. १९८८ च्या हेझलवूड खटल्यात इथल्या सर्वोच्च न्यायालयाने शाळेच्या बाजूने निकाल दिला होता. मुख्याध्यापकांनी शाळेच्या वर्तमानपत्राची दोन पानं काढून टाकली होती, किशोरवयीन गरोदरपण आणि आईवडिलांचा घटस्फोट या विषयांवरची.

तीन_पुलिया | ७ एप्रिल
सगळे कॅमेऱ्याच्या विरोधात लिहून राहिले आहेत म्हणून बोलतो. माझा मुलगा आठवीत, बोलताना अडखळायचा. अशाच एका वर्गात कॅमेऱ्यासमोर उभा राहिला आणि त्याची भीड चेपली. आता वर्गात हात वर करतो. आमच्यासाठी ती फी वसूल आहे. प्रत्येकाला वही-पेन मानवत नाही.

निवृत्त_डेस्कवाला | ७ एप्रिल
तुमच्या मुलाला मिळालं ते मोलाचंच आहे, ते नाकारत नाही. फक्त त्याला वाचायला दुसऱ्याचा कागद देऊ नका, एवढंच म्हणणं. त्यानेच चार माणसांना विचारून दोन मिनिटांचा मजकूर लिहावा आणि तो बोलावा. मोबाइलवर आवाज नीट घ्यायला शिकणं, वाऱ्याचा सूं सूं आवाज टाळणं, एकच प्रश्न तीन तऱ्हांनी विचारणं, हेही याच कामात येतं.

शाळेतल्या_बाई | ८ एप्रिल
मी इथे शाळेत हिंदी शिकवते. बऱ्याच पालकांना माहीत नसतं, की सीबीएसईच्या अकरावी-बारावीला एनसीईआरटीचं 'अभिव्यक्ति और माध्यम' हे पुस्तक आहे. त्यात समाचार लेखन, उलटा पिरॅमिड, छह ककार, संपादन, फीचर, मुलाखत हे सगळं आहे. मराठीत आपण कोण, काय, कुठे, कधी, का, कसं म्हणतो तेच हे सहा ककार. मुलं ते पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरतात, कारण बाहेर जाऊन वापरायला वेळ नसतो. भाच्याला ते पुस्तक आताच द्या. सुट्टीचा खरा उपयोग तिथे आहे.

सातवीच्या मुलांना मात्र हे सगळं एकदम देऊ नये असं माझं मत आहे. सहावी ते आठवीच्या मुलांचं लक्ष एका कामावर तासभर टिकलं तरी खूप. त्यांना एक माणूस, एक जागा, एक पान द्यावं. भित्तिपत्रक उत्तम. एकदा मुलांना फक्त भाजीवाल्याकडे दहा मिनिटं उभं राहून आलेली गिऱ्हाइकं मोजायला आणि काय काय घेतलं ते लिहायला लावलं होतं. त्यातून एका मुलाने शोधलं, की कोथिंबीर कुणी विकत घेत नाही, सगळे वरून मागतात. भाजीवाल्याला किती पडते, असं मग तो आपणहून विचारायला गेला. नववीच्या पुढच्या मुलांना आकडे, कागदपत्रं, दोन विरुद्ध बाजू सांभाळणं जमतं. बातमी खोटी की खरी हे तपासणंही त्यांना शिकवावं. व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोवरूनच इंटरनेटवर शोध घेऊन तो कधीचा, कुठला हे काढणं त्यांना आपल्यापेक्षा लवकर येतं. म्हणून दोन्ही वयाची मुलं एकाच वर्गात कोंबणारा वर्ग असेल तर विचार करा.

भोपाळच्या 'एकलव्य' संस्थेचं 'चकमक' हे मुलांचं मासिक १९८५ पासून निघतंय. त्यात 'मेरा पन्ना' हे मुलांच्या लिखाणाचं सदर असतं. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी ते वाचनालयातून जरूर आणा. मुलांनी लिहिलेलं मोठ्यांनी गुळगुळीत न करता कसं छापावं हे त्यात दिसतं.

बारावीतली_ताई | ८ एप्रिल
बाईंना +१. मी बारावीत आहे, पुढे पत्रकारिताच करायचीय. इथल्या देवी अहिल्या विद्यापीठात पत्रकारितेचा विभाग आहे, भोपाळला माखनलाल चतुर्वेदी विद्यापीठ आहे, त्यामुळे घरापासून फार लांब जावं लागणार नाही.

मला ज्या गोष्टीने हे करावंसं वाटलं ती सांगते. दिल्लीत २००३ पासून 'बालकनामा' नावाचं वर्तमानपत्र निघतं. रस्त्यावर राहणारी आणि काम करणारी मुलं ते चालवतात. ज्या मुलांना लिहिता येत नाही, ती आपल्या भागात काय झालं ते तोंडी सांगतात आणि लिहिता येणारी मुलं ते उतरवून घेतात. सांगणाऱ्याला तिथे 'बातूनी रिपोर्टर' म्हणतात. मी हे नववीत असताना वाचलं आणि माझ्या मनात आलं, आमच्या सोसायटीत भांडी घासायला येणाऱ्या मावशींची मुलगी माझ्याच वयाची आहे. तिला मी कधी काही विचारलंच नाही. पहिली मुलाखत तिची घेतली. ती कुठेही छापली नाही, तिने नको म्हटलं म्हणून.

वकील_काका | ९ एप्रिल
वरच्या मुलीने 'नको म्हटलं म्हणून छापली नाही' असं लिहिलंय, त्यावरून थोडं. पालकांनी हे वाचावंच.

पहिलं, मुलं बाहेर जाणार तर मोठं माणूस बरोबर हवं, आणि अनोळखी घरात शिरायचं नाही, ओट्यावरच बोलायचं. दुसरं, कुणाचाही फोटो किंवा आवाज घेण्याआधी विचारायचं, आणि समोर लहान मूल असेल तर त्याच्या आईवडिलांना विचारायचं. तिसरं, कायद्याचं आहे. अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख माध्यमांतून उघड करायला पॉक्सो कायद्याच्या, म्हणजे २०१२ च्या कायद्याच्या, कलम २३ ने मनाई आहे. बाल न्याय कायदा २०१५ चं कलम ७४ म्हणतं, की पोलीस किंवा न्यायालयाच्या प्रकरणात सापडलेल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, ज्यावरून तो ओळखू येईल असं काहीही छापायचं नाही. वर्गमित्राबद्दलची 'सनसनाटी' बातमी मुलं इन्स्टावर टाकतात तेव्हा त्यांना हे माहीत नसतं. वर्गात हे शिकवत नसतील तर तो वर्ग अपुरा आहे, बाकी कितीही चांगला असो.

रामबागची_सून | ९ एप्रिल
मुलांनी लिहायचं कुठल्या भाषेत? आमच्या घरी बोलणं मराठी, बाहेर हिंदी, शाळा इंग्रजी. माझी मुलगी इंग्रजीत लिहिते तेव्हा छान वाक्यं येतात, पण त्यात गल्ली दिसत नाही. मराठीत लिही म्हटलं तर शब्द अडतात.

निवृत्त_डेस्कवाला | ९ एप्रिल
ज्या भाषेत समोरचा बोलला, त्याच भाषेत वहीत उतरवावं. तिथे तडजोड नाही. सराफ्यात माणूस म्हणाला, "अपन तो रात में ही जागते हैं भिया," तर ते तसंच राहू द्या, अनुवाद नंतर. बातमी कुठल्याही भाषेत लिहा.

आपल्याकडच्या माणसांनी यात कधी बाऊ केला नाही. माधवराव सप्रे मराठी घरातले. १९०० मध्ये पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं आणि पुढे नागपूरहून 'हिंदी केसरी'. बनारसच्या 'आज'चे संपादक बाबूराव विष्णू पराडकर, तेही मराठी. सप्र्यांच्या नावाचं वर्तमानपत्रांचं संग्रहालय भोपाळला १९८४ पासून आहे. मोठ्या मुलांना एक दिवस तिथे न्या. शंभर वर्षांपूर्वीचं पान समोर बघितलं की मुलं आपोआप हळू बोलायला लागतात, हे मी पाहिलंय.

आणि मराठीतलं पहिलं वर्तमानपत्र, आपला 'दर्पण', विसरू नका. ६ जानेवारी १८३२ ला निघाला तोच मराठी आणि इंग्रजी, दोन्ही भाषांतला. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर तेव्हा जेमतेम विशीचे होते. तुमच्या मुलीपेक्षा फार मोठे नव्हते.

सुदामानगरची_आई | २७ एप्रिल
सगळ्यांचे मनापासून आभार. तुमचे प्रश्न घेऊन चार ठिकाणी जाऊन आले. खर्डे दाखवा म्हटल्यावर दोन ठिकाणी 'म्हणजे काय?' असं विचारलं. एका ठिकाणी शिकवणाऱ्या ताई खरोखर चांगल्या वाटल्या, बातमीदारी केलेल्या, पण वर्ग दुपारी बारा ते तीन. मेच्या उन्हात मुलांना बाहेर कसं नेणार? तिथला वर्ग अर्थात एसीतच राहणार. चौथ्या ठिकाणी नववीच्या खालची मुलं घेत नाहीत, हे मला उलट आवडलं, पण लेकीचं काय?

तेवढ्यात डेस्कवाले काकांचा इथेच निरोप आला. ते आमच्यापासून दोन चौराहे पलीकडे राहतात! १ मेपासून रोज सकाळी सात ते साडेनऊ, त्यांच्या ओट्यावर. पाच मुलं. फी घेत नाहीत, फक्त लाल रिफिलचा डबा आणा म्हणाले. शाळेतल्या बाई आठवड्यातून एकदा येणार आहेत. वकील काकांचे नियम मोठ्या अक्षरांत लिहून दाराला लावलेत.

न्यूजर्सीची_आत्या | २७ एप्रिल
वा! झेरॉक्सचा खर्च माझा.

सुदामानगरची_आई | १९ मे
पहिला अंक निघाला. ए-थ्री कागद, दोन्ही बाजू, साठ प्रती. नाव अजून ठरलं नाही, मुलांचं भांडण चालू आहे, म्हणून वर जागा कोरी सोडलीय.

भाच्याने आमच्या गल्लीतल्या नळाच्या पाण्यावर लिहिलंय. त्याला आधी सरळ 'पाणी पुरत नाही' असं लिहायचं होतं. काकांनी विचारलं, किती घरांत? किती दिवस? तो गप्प. मग बारा घरांत जाऊन दहा दिवस नळ किती वाजता आला, किती मिनिटं राहिला, याचा तक्ता केला. बारा पैकी गल्लीच्या वरच्या टोकाच्या चार घरांनाच कमी वेळ मिळतं, बाकीच्यांना ठीक, असं निघालं. म्हणजे त्याची पहिली बातमी चुकीची ठरली असती. नर्मदेचं पाणी मंडलेश्वरजवळच्या जलूदहून इतक्या लांब वर चढवून आणतात आणि १९७८ पासून ते इंदुरात येतंय, हे त्याला या निमित्ताने कळलं. तो कागद घेऊन संबंधित कार्यालयात दोनदा जाऊन आला, त्याचे बाबा बरोबर होते. उत्तर मिळालं नाही. काकांनी शिकवल्याप्रमाणे शेवटी त्याने लिहिलंय, 'अंक छापेपर्यंत उत्तर आलं नाही. आल्यास पुढच्या अंकात देऊ.'

लेकीने आजोळच्या वाटेवरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानावर लिहिलं. आणि तिथे एक चूक झाली, ती सगळी सांगते.

दुकानातले काका म्हणाले होते, "सन उनहत्तर से बैठ रहे हैं बेटा." तिने वहीत डाव्या पानावर बरोबर तेच लिहिलं होतं, उनहत्तर. घरी आल्यावर आकड्यात करताना तिने हिशोब लावला, की इकहत्तर, बहत्तर, तिहत्तर हे सगळे सत्तरच्या घरातले, म्हणजे उनहत्तर एकोणऐंशी. अंकात छापून गेलं १९७९. इंग्रजी शाळेतली मुलं, हिंदी आकडे त्यांना येत नाहीत, आणि माझ्याही नजरेतून ते निसटलं.

आम्ही दोघी प्रत द्यायला गेलो. काकांनी हात पुसले, नातवाला वाचायला लावलं. सगळं ऐकलं, हसले. आकडा आला तेव्हा काही बोलले नाहीत. उठून मागे टांगलेले जुने टायर बाजूला सारले. मागे पत्र्याचा बोर्ड होता, रंग उडालेला, कोपऱ्यात 'स्थापना १९६९'. लेकीने तो बोर्ड बघितला आणि माझा हात घट्ट धरला. दहा दिवस ती त्या दुकानात बसली होती, टायर मोजले होते, पण मागे बघितलं नव्हतं.

रस्त्यात रडली. "आई, साठच्या साठ प्रती परत आणू या का?" मला काय सांगावं कळेना, म्हणून तशीच डेस्कवाले काकांच्या ओट्यावर घेऊन गेले.

निवृत्त_डेस्कवाला | १९ मे
तिला मी जे सांगितलं तेच इथे लिहितो. प्रती परत आणायच्या नाहीत. पुढच्या अंकात त्याच पानावर, त्याच अक्षरात दुरुस्ती द्यायची. बारीक टायपात, तळाला लपवून नाही. आमच्या डेस्कवर अशा चुका मोठमोठ्या लोकांच्या हातून झाल्या आहेत, माझ्याही. एकदा निवडणुकीच्या रात्री मी दोन उमेदवारांची मतं उलटी लावली होती. दुसऱ्या दिवशी संपादकांनी दुरुस्ती मलाच लिहायला लावली. चार ओळी होत्या, दोन तास लागले.

शाळेतल्या_बाई | १९ मे
जूनमध्ये शाळा उघडली की हिंदी आकड्यांचा एक तास मी सगळ्या वर्गांना घेणार. ही चूक फक्त तुमच्या लेकीची नाही.

बारावीतली_ताई | २० मे
तिला सांगा, की डाव्या पानावर तिने 'उनहत्तर' तसंच लिहून ठेवलं होतं म्हणूनच चूक कुठे झाली ते सापडलं. मी असते तर थेट आकडा लिहिला असता.

सुदामानगरची_आई | ३० मे
दुसरा अंक आज निघाला. काकांनी मुद्दाम आजची तारीख धरली. ३० मे १८२६ ला कलकत्त्याहून 'उदंत मार्तंड' निघालं, हिंदीतलं पहिलं वर्तमानपत्र, म्हणून हा हिंदी पत्रकारिता दिवस. पहिल्या पानावर मुलांनी त्याबद्दल चार ओळी दिल्यात.

तिसऱ्या पानावर लेकीचा मजकूर आहे, तो जसाच्या तसा देते:

'दुरुस्ती. मागच्या अंकात सायकल दुरुस्तीचं दुकान १९७९ मध्ये सुरू झालं असं छापलं होतं. ते १९६९ मध्ये सुरू झालं. दुकानातल्या काकांनी बरोबर सांगितलं होतं, मी आकडा चुकीचा लिहिला. दुकानात पत्र्याचा बोर्ड आहे, तो मी बघितला नव्हता.'

पाच वेळा लिहिलं. तिसऱ्या खर्ड्यात 'चुकून छापलं गेलं' असं होतं, काकांनी त्याखाली लाल रेघ मारून विचारलं, 'कुणी छापलं?'

सायकलवाल्या काकांनी दोन्ही अंक दुकानात लावलेत, एकाशेजारी एक, आणि टायर आता दुसऱ्या खिळ्याला टांगलेत. बोर्ड रस्त्यावरून दिसतो.

काल ती पुढच्या अंकासाठी राजवाड्याजवळ एका अत्तरवाल्यांकडे गेली होती, मी लांब उभी होते. त्यांनी कुठलंसं साल सांगितलं. तिने वही उलटी करून त्यांच्यापुढे धरली, पेन दिलं आणि म्हणाली, "अंकल, नंबर में लिख दीजिए ना."

छत्रीबागकर | ३० मे
नातू आठवीत आहे. जूनमध्ये शनिवार-रविवार चालू ठेवणार असाल तर त्याला पाठवू का? लाल रिफिल मी आणतो.